दसऱ्याचं तेल

पाय खाली गेला. ब्रेकवर ठेवलेला माझा उजवा पाय अगदी सावकाश, खालून कुणी जागा करून देत असल्यासारखा खाली खाली गेला आणि चपलेचा तळ गाडीच्या पत्र्याला टेकला. समोर तलावाच्या पाळीवरचं वळण, वळणावर धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर आडवा लागलेला, आणि गाडी चालली होती आपल्या मनाने. धान रोवायच्या दिवसांत चिखल केलेल्या बांधीत, शेताच्या वाफ्यात, पाय असाच जातो. लाखांदूरला माहेरी मी सातवीपर्यंत रोवणा केलेला आहे, चिखलात जाणाऱ्या पायाची मला सवय आहे. पण तिथे नडगीपर्यंत गेल्यावर घट्ट जमीन लागते, इथे तसलं काही लागायला तयार नव्हतं. मी गिअर खाली ओढला, हातब्रेक उपसला, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडीचं तोंड रस्त्याकडेच्या तनशीच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात घातलं. हे सगळं मी केलं असं आता म्हणते. तेव्हा ते माझ्या हातांनी मला न विचारता केलं. इंजिन बंद पडलं. काचेवर वरपासून खालपर्यंत पिवळी तनस, आत नुकत्या झोडलेल्या धानाचा वास, आणि माझा पाय अजून तिथेच, खाली टेकलेला. मला पहिल्यांदा आला तो राग. भीती बऱ्याच वेळाने आली आणि फार टिकलीही नाही.

रस्त्याच्या कडेला धान वाळत घालून बसलेली एक म्हातारी धावत आली. नाव गिरजाबाई, ते मला नंतर कळलं. तिने दार उघडलं, माझ्या कपाळावरून, खांद्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "लागलं का वं माय?" त्या दिवशी मला हा प्रश्न विचारणारी ती एकटी. नंतर जमलेल्या सगळ्यांनी, ट्रॅक्टरवाल्याने, मोटारसायकली थांबवून उतरलेल्यांनी आणि अर्ध्या तासाने आलेल्या माझ्या नवऱ्याने एकच विचारलं, "काय केलं?" सेहेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं नाकाडोंगरीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, पाच वर्षं रोज तुमसरहून याच रस्त्याने स्वतः गाडी चालवत येणारी, पण गाडी तनशीत गेली की बाईने काहीतरी केलेलंच असतं. "ब्रेक लागला नाही," मी म्हटलं. नवऱ्याने, म्हणजे चंद्रकुमारने, माझ्याकडे न बघता मागे बघितलं. कारण मागे, मिलच्या पिकअपमधून, भासरे उतरत होते.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, भोजराज. तुमसरला आमची राईस मिल आहे, ती तेच चालवतात आणि मिलसोबत घरही तेच चालवतात. ते आले, त्यांनी तनस बाजूला करून गाडीभोवती एक चक्कर मारली, माझ्या सीटवर बसले आणि ब्रेकवर पाय हाणला. ठक. पुन्हा हाणला. ठक. लोकांनी माना डोलावल्या. भासरे उतरले आणि मी दीड हातावर उभी असताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ब्रेक त ठनठनीत हाय गा. तिले सांग, पाय क्लचवर गेला असन." नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "पाय क्लचवर गेला असन तुह्या." हे असंच चालतं आमच्या घरी. भासऱ्याने भावसुनेशी थेट बोलायचं नाही, भावसुनेने भासऱ्याशी तर नाहीच नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, मला हे समजावलं होतं: ते अंगणात आले की आपण आत जायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्यापुढे आवाज काढायचा नाही, आणि काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. मी बी.एस्सी. झालेली मुलगी, हसले होते मनातल्या मनात. बावीस वर्षं झाली. एका घरात जेवलो, एका आजारपणात त्यांना मी महिनाभर पेज करून दिली, पण आमच्यात एकही शब्द सरळ गेला-आला नाही. मधे नेहमी कुणीतरी उभं, नवरा, सासूबाई, नाहीतर भिंत.

भासऱ्यांनी माझी गाडी स्वतः चालवत घरी आणली, ब्रेक ठीक आहे हे सिद्ध करायला. मी नवऱ्याबरोबर मागे पिकअपमध्ये. प्रत्येक गतिरोधकावर माझ्या पांढऱ्या गाडीचे मागचे लाल दिवे झटक्याने लागत होते, आणि दर वेळी नवरा म्हणत होता, "लागून राहिला ना ब्रेक." मला माझा पाय आठवत होता. माणसाचं डोकं खोटं बोलतं, जीभ तर बोलतेच, पण पाय कशाला बोलेल? आणि तरी घर येईपर्यंत मला शंका यायला लागली होती. खरंच क्लचवर गेला असेल का? वळणाच्या आधी मी कशाचा विचार करत होते? नववीच्या पेपरांचा? सगळे एका सुरात म्हणायला लागले की आपल्याच अंगावरचा विश्वास कसा सुटत जातो हे मी त्या वीस किलोमीटरमध्ये बघितलं, आणि त्याचा मला आजही संताप आहे. संध्याकाळी निरोप आला, अर्थात नवऱ्याच्या तोंडून. रविवारी गाडी मिलवर द्यायची, भासऱ्यांचा मुलगा विनोद ती वापरेल, त्याला तशीही हवीच होती. मी बसने जायचं. "तुह्या भल्यासाठीच म्हनून राहिला दादा," नवरा म्हणाला. माझ्या भल्याची काळजी करणारे लोक मला कायमच फार भेटले आहेत.

गाडी माझी आहे म्हणजे काय हे कुणाला सांगणार? पंधरा वर्षं जुनी, एका डॉक्टरांकडून घेतलेली, एका दाराचा रंग बाकीच्या दारांशी जुळत नाही अशी. पण बस चुकली म्हणून शाळेच्या फाटकाशी मान खाली घालून जाणारी मी, एक्केचाळिसाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर गाडी शिकले. शिकवलं गुंजन मॅडमनी, आमच्या गणिताच्या. नवरा आला होता दोनदा, डावीकडे बसला आणि हातब्रेकवर हात ठेवून बसला. तो हात नंतर कधी हललाच नाही. पाच वर्षांत जेव्हा जेव्हा चंद्रकुमार माझ्या गाडीत बसले तेव्हा तेव्हा त्यांचा उजवा हात त्या दांड्यावर, घट्ट धरलेला, जणू मी गाडी चालवते आणि ते ती थांबवायला बसले आहेत. मी कधी म्हटलं नाही, हात काढा. वाईट वाटेल त्यांना. मी बऱ्याच गोष्टी कधी म्हटल्या नाहीत. त्या गाडीत एकटी असले की मात्र मोठ्याने बोलायचे. गोबरवाहीच्या पुढे जंगल लागलं की काचा वर करून सगळ्यांना सगळं सुनवायचे, भासऱ्यांनासुद्धा, सरळ, तोंडावर. गाडी गेली असती तर ती बोलायची जागा गेली असती. बसमध्ये बाई एकटीच बोलायला लागली तर लोक वेड्यात काढतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाआधी, मी देव्हाऱ्याखालच्या डब्यातली दुसरी चावी घेतली, पहिली भासऱ्यांकडेच राहिली होती, आणि अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले. ब्रेकवर पाय हाणला, भासऱ्यांसारखा. ठक. एकदम कडक. वाटलं, संपलं, आपलीच चूक. मग इंजिन चालू केलं आणि तसाच पाय ठेवला, जसा मी नेहमी ठेवते, हळू, वळण दिसल्याबरोबर, अलगद. आणि धरून ठेवला. काही झालं नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. सहा, सात. आठव्याला पायाखालचं काहीतरी सैल झालं, आणि मग तोच तो, कालचा, तसाच सावकाश, चिखलात गेल्यासारखा खाली, खाली, तळापर्यंत. मी पाय उचलला, पुन्हा केलं. पुन्हा गेला. पाच वेळा केलं. मला इतका आनंद झाला की मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. नवऱ्याला बोलावलं. "बसा. दाबा." त्यांनी हाणला. ठक. "हाय ना चांगला!" "तसा नाही. हळू दाबा. धरून ठेवा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "रक्षा, दादानं पाह्यलं ना. कायले उगाच वाद?" आणि उतरून गेले. दहा आकडे मोजायचे होते फक्त. बावीस वर्षांच्या संसारात मी या माणसाकडे दहा आकडे मागितले आणि त्याच्याकडे ते नव्हते.

मी शाळेत रजेचा फोन केला आणि गाडी काढली. पहिल्या गिअरमध्ये, डावा हात हातब्रेकवर, रस्त्याच्या अगदी कडेने, बपेरा रस्त्यावर सोमाजीच्या गॅरेजपर्यंत. चालत गेले असते तर आधी पोचले असते. सोमाजी साठीचा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, कडूलिंबाखाली त्याचं एकट्याचं दुकान. त्यानेही आधी पाय हाणला. "मॅडम, ब्रेक त बराबर हाय." मी म्हटलं, "हाणू नका. हळू दाबा आन् माह्याकडं पाहात बसा." त्याने दाबला आणि माझ्याकडे पाहत बसला, काय विचित्र बाई आहे अशा तोंडाने. मग त्याचं तोंड बदललं. त्याने खाली पायाकडे पाहिलं. "बाप्पा," तो म्हणाला, "बसला!" या जगात आणखी कुणाच्यातरी पायाला माझ्या पायाला जे झालं तेच झालं. मला रडू येईल असं वाटलं पण मी आणलं नाही.

"मास्टर सिलिंडर गेला," सोमाजी म्हणाला, म्हणजे पायाचा जोर तेलातून चाकांपर्यंत नेणारा भाग. बॉनेट उघडलं तर आत तनशीच्या काड्या, त्या त्याने निवांत वेचल्या. ब्रेकच्या तेलाची पांढरी टाकी अर्ध्याच्या खाली. तो गाडीखाली सरपटत गेला, चारी चाकं हाताने चाचपून आला, जमीन कोरडी, चाकं कोरडी. "थेंब नाही कोठं. मंग तेल गेलं कोठं?" दोन नट सोडले, नळ्या सोडल्या आणि मुठीएवढा तो लोखंडी तुकडा मागे ओढला तशी त्याच्या मागच्या तोंडातून तेलाची बारीक धार ओघळली. "हे पाहा. आतल्या आतच गळून राहिला होता. बाहेरून कोनालेच दिसत नाही हे." एकदम पाय हाणला की आतलं रबर तेलाला क्षणभर धरून ठेवतं, त्याने समजावलं, पण हळू दाबून धरलं की तेल त्याच्या कडेने निसटतं. गावातले निम्मे लोक हाणूनच ब्रेक लावतात, त्यांना कळतही नाही. मग त्याने आतला दट्ट्या बाहेर काढला आणि त्यावरचं रबर बोटांत धरलं. रबर फुगलं होतं. कडेने फाटलेलं, मऊ, भिजलेल्या चण्यासारखं झालेलं. त्याने बोट तेलात बुडवून नाकाशी नेलं. "मॅडम, हे ब्रेकचं ऑइल नाही होय. कोनं टाकलं हे?"

कोणी टाकलं ते मला माहीत होतं. खरं सांगायचं तर सोमाजीने विचारायच्या आधी, रबर पाहताक्षणी माहीत होतं. आणखी खरं सांगायचं तर, मला ते दसऱ्यापासून माहीत होतं.

आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी वाहनं मिलच्या अंगणात ओळीने लागतात. पिकअप, ट्रॅक्टर, विनोदची मोटारसायकल आणि शेवटी माझी गाडी. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, नारळ. आणि पूजा झाली की घरातला थोरला पुरुष आपल्या हाताने प्रत्येक गाडीला तेल देतो. आजेसासऱ्यांच्या काळात घरात बैलबंड्या होत्या, दसऱ्याला थोरल्याने आसाला वंगण लावायचं, म्हणजे वर्षभर बंडी कुरकुरत नाही आणि उलटत नाही. बंड्या गेल्या, रीत राहिली. आता भासरे मिलच्या यंत्राच्या तेलाचा मोठा डबा घेऊन ओळीने निघतात, ज्या गाडीत जिथे झाकण उघडेल तिथे थोडं थोडं ओततात, आणि घरातली बाई मागे ताट घेऊन. या वर्षी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिनचं झाकण घट्ट बसलेलं, हाताने निघेना. शेजारी ही पांढरी टाकी, थोडी कमी भरलेली, झाकण लगेच फिरलं. भासऱ्यांनी डबा वाकवला. मी ताट घेऊन मागे उभी होते, चार हातांवर. मी पाहिलं. आणि मला त्याच क्षणी मोना आठवली.

मोना माझी आठवीतली विद्यार्थिनी होती, चार वर्षांपूर्वीची. पास्कलचा नियम मी दोन इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळीने शिकवते. नळीत पाणी भरायचं, एक दट्ट्या दाबला की दुसरा उचलतो, मुलं दर वर्षी तितकीच हसतात. मोनाची आई शिलाई करते. मोनाने पाण्याऐवजी शिलाई मशीनचं तेल भरून आणलं, बाई, हे गळत नाही, म्हणाली. पहिल्या दिवशी खरंच छान चाललं. आठवड्याने कपाटातून काढलं तर सिरिंजीतलं रबर फुगून बसलेलं, दट्ट्या हलेना. मी वर्गात त्यावर अख्खा तास घेतला होता: कोणतं तेल कोणत्या रबराला चालतं, कोणतं नाही, आणि तेल म्हणजे सगळं एकच नव्हे. फळ्यावर लिहून दिलं होतं. आणि ती मी, दसऱ्याच्या दिवशी, डोक्यावर पदर, हातात निरांजन, भासऱ्यांना माझ्या ब्रेकमध्ये मिलचं तेल ओतताना बघत होते आणि माझ्या घशापर्यंत शब्द आले होते. भाऊजी, तिथं नका टाकू. एवढंच तर. नवरा शेजारी नव्हता, नारळ फोडायला गेला होता. भिंत नव्हती. मधे कुणीच नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. नंतर नवऱ्याला सांगू म्हटलं, आणि नंतर स्वयंपाक होता, पाहुणे होते, मग वाटलं थोडंसंच तर होतं, मग दिवाळी आली. ब्रेक वेगळा लागतोय हे दिवाळीनंतर मला जाणवलं होतं. "वहम हाय तुह्या," नवरा म्हणाला आणि मी ते मान्य केलं, कारण ते खरं नसतं तर मला दसऱ्याचं बोलावं लागलं असतं.

असं काही पहिल्यांदा झालं होतं असंही नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी भासरे अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, मी चहाचं ताट घेऊन दारात आले आणि त्यांच्या खुर्चीच्या पायावर मला विंचू दिसला, काळा, वर चढत चाललेला. घरात दुसरं कुणी नाही. ओरडायचं तर त्यांच्याशी बोलल्यासारखं होईल. मग मी काय करावं? मी ताट सोडलं. कपबशा फुटल्या, भासरे दचकून उठले, विंचू खाली पडून कौलांच्या ढिगात गेला, तो त्यांना दिसलाच नाही. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "तिले सांग, हात सांभाळून काम करत जाय म्हना." मी ते ऐकून घेतलं. तेव्हा मला मोठी युक्ती केल्यासारखं वाटलं होतं, मैत्रिणींना हसत हसत सांगायचे. सोमाजीच्या लिंबाखाली मला त्याची पहिल्यांदा लाज वाटली. एका माणसाचा जीव वाचवायला मी सहा कपबशा फोडल्या पण तोंड उघडलं नाही. आणि वळणावर ती तनस नसती तर? गिरजाबाई आपलं धान चार पावलं अलीकडे वाळत घालून बसली असती तर? माझी मर्यादा तिच्या अंगावरून गेली असती.

"मॅडम?" सोमाजी म्हणाला. "कोनं टाकलं?" "आमच्या घरीच टाकलं," मी म्हटलं, "आन् मी पाह्यलं." मी त्याच्याकडून एक छोटी रिकामी बाटली घेतली, तीत पाणी आणि टाकीतलं ते तेल घातलं आणि हलवलं. ब्रेकचं खरं तेल पाण्यात मिसळून जातं. हे वर येऊन तरंगत राहिलं, जाड, मळकट पिवळं. सोमाजी चष्मा वर करून बघत राहिला. "हे बरं हाय," म्हणाला, "आमाले हे कोनं शिकवलं नाही." नुसता मास्टर बदलून भागणार नाही, चारी चाकांतली रबरं बदलावी लागतील, नळ्या धुवाव्या लागतील, दोन दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. मी दोन्ही दिवस तिथेच स्टुलावर बसले. नवऱ्याचे सात फोन आले. मी एकच घेतला. "गाडी कोठं हाय? दादा विचारून राहिला." "त्यायले सांगा, मी येतो म्हनून रविवारी. गाडी घेऊनच."

शनिवारी दुपारी नवा मास्टर बसला, चकचकीत, आणि सोमाजी म्हणाला, "आता नळ्यांतली हवा काढाव लागते. दोन मानसं पाह्यजेत. तुमी बसा सीटवर." मी बसले. तो मागच्या चाकाशी आडवा. तिथून त्याचा आवाज यायचा: "दाबा. सोडा. दाबा. सोडा. दाबा... आता धरून ठेवा!" मी धरायचे, तो चाकाशी पाना फिरवायचा, आणि पाय खाली जायचा. तसाच. अगदी तसाच सावकाश, तळापर्यंत. पहिल्या वेळी माझी पोटरी आपोआप वर ओढली गेली. "उचलू नोका मॅडम!" तो ओरडला. "मी म्हनल्याबिगर उचलू नोका! उचलला का हवा अंदर जाते!" मग मी पाय खालीच ठेवला. चिखलात गेलेला पाय घाबरून उपसायचा नाही, आई रोवण्यात सांगायची, नाहीतर दुसराही जातो. तिथे थांबायचं. मी थांबले, तळाशी, वळण आणि ट्रॅक्टर पुन्हा डोळ्यांसमोर येऊ दिले, आणि पाय हलवला नाही. "हां. सोडा आता." चार चाकं, कितीतरी वेळा. चाकाशी लावलेल्या काचेच्या बाटलीत, सोमाजी सांगत होता, नळीतून बुडबुडे येत राहिले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ तेल. दर वेळी पाय थोडा वर, थोडा घट्ट. शेवटी तो म्हणाला, "दाबा. हळू. धरून ठेवा." मी इंजिन चालू ठेवून धरला. दहा मोजले. शंभर मोजले. दोनशेवर सोमाजीच चहा घेऊन आला आणि म्हणाला, "सोडा आता मॅडम, काही होत नाही." मी आणखी पन्नास मोजले.

रविवारी सकाळी मी गाडी मिलच्या अंगणात नेली आणि ऑफिसच्या पायरीपासून हातभर अंतरावर उभी केली, अलगद. मिल बंद होती, रविवार. आत भासरे आणि चंद्रकुमार टेबलाशी बसले होते. मी दारात आले तशी भासऱ्यांनी मान पेपरात घातली आणि नवरा उठायला लागला, मला आत न येता बाहेरच काय ते विचारायला. मी आत गेले. पदर खांद्यावर होता, तो तिथेच राहिला. पिशवीतून जुना मास्टर काढून त्यांच्या पेपरवर ठेवला, शेजारी फुगलेली रबरं, शेजारी बाटली.

"भाऊजी," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, जंगलातल्या बंद काचांमधला होता तो. "ब्रेक खरंच लागला नव्हता. दसऱ्याले तुमी मिलचं तेल या टाकीत टाकलं होतं. त्यानं रबर फुगलं आन् फाटलं. माहा पाय क्लचवर गेला नव्हता."

भासऱ्यांचं तोंड काळवंडलं. ते माझ्याकडे पाहणार नाहीत हे मला माहीत होतं, ते नवऱ्याकडेच वळले. "तिले विचार," ते म्हणाले, "तवा दिसलं होतं त बोलली काहून नाही?"

हा प्रश्न मी तीन दिवस स्वतःला विचारत होते, त्यामुळे तो लागायचा तिथे लागला. आणि माझा नवरा, देवमाणूस, खरंच माझ्याकडे वळला आणि म्हणायला लागला, "रक्षा, दादा विचारून राहिला का..."

"मले आयकू आलं. तुमी बसा," मी म्हटलं. "भाऊजी, मलेच विचारा. मी इथंच हाय. नाही बोलली, चुकलंच माहं. तुमच्यासंग बोलाचं नसते म्हनून नाही बोलली, आन् त्यापायी तिथं एखादी बाई मेली असती. आता बोलून राहिली. गाडी माही हाय, मिलवर देत नाही. उद्या शाळेत याच गाडीनं जातो. आन् आनखी एक. त्या वर्सी चहाचं ताट माह्या हातून पडलं नव्हतं. मी पाडलं होतं. तुमच्या खुर्चीवर विंचू चढून राहिला होता."

भासऱ्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, हलवली. तेल खाली-वर झालं आणि पुन्हा वर येऊन बसलं. त्यांनी पुन्हा हलवली. मग एक रबर चिमटीत घेऊन दाबलं, ते बोटांत तुटलं. मला वाटलं आता पुन्हा नवऱ्याकडे वळतील. वळले नाहीत. तुकड्याकडे पाहतच, हळू आवाजात, पण मधे कुणालाही न घेता ते म्हणाले, "मंग कोनतं टाकाव लागते?"

"डब्यावर लिहून रायते, भाऊजी," मी म्हटलं. "वाचाव लागते."

मी बाहेर आले आणि गाडीत बसले. हात स्टिअरिंगवर ठेवले. चंद्रकुमार मागोमाग धावत आले, पायात अर्धवट चप्पल, डावीकडचं दार उघडून बसले. मी चावी फिरवली. आणि सवयीने, बिचाऱ्यांना कळलंही नसेल, त्यांचा उजवा हात हातब्रेकवर गेला.

"हात काढा तिथून," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्रेकवर पाय धरून ठेवला होता आणि आकडे मोजत होते. सातव्याला त्यांनी हात काढला.